दुकानाची पाटी: मराठी आधी, उर्दूही सोबत

व्यापारी बांधवांनो, दुकानाच्या पाटीचा विषय निघाला की ऐकीव गोष्टीच फार कानावर येतात. कोणी म्हणतो उर्दू बोर्ड उतरवावा लागेल, कोणी म्हणतो छोट्या दुकानाला कायदा लागूच नाही. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने या सक्तीतून सुटत होती. ती सूट गेली. आता प्रत्येक दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत हवे. ते आधी हवे आणि त्याची अक्षरे दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दुसऱ्या भाषेला मात्र मनाई नाही. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली आणि वकिलांवर पैसा घालण्यापेक्षा पाट्यांवर घाला, असे सुनावले.

उर्दूविषयीही निकाल आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दूत नाव होते. ते काढा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, असे न्यायालयाने सांगितले. सरकारी इमारतीवर उर्दू चालते, तर आपल्या दुकानावर का नको?

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. तरीही मी म्हणतो, मराठी पाटी हे ओझे समजू नका. आपले कापड घ्यायला येणारा नाशिक-जळगावचा दुकानदार आणि माल उतरवणारा टेम्पोवाला मराठीच वाचतो. ग्राहकाला नाव वाचता आले नाही तर नुकसान आपलेच. मराठी मजकूर जाणकाराकडून तपासून घ्या. चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ दुकानाची शोभा घालवतात. उर्दूचेही तसेच. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर उर्दूची अक्षरे पुष्कळदा सुटी पडतात आणि शब्दाचा शब्द राहत नाही. शहरात उर्दू-मराठी दोन्ही हाताने रंगवणारे जुने पेंटर अजून आहेत. त्यांना काम द्या. पत्र्यावरची रंगीत पाटी फ्लेक्सपेक्षा जास्त पावसाळे काढते आणि कारागिराची चूलही पेटते.

आता दुसरी बाजू. पाटीत खोट असेल तर दुकानदाराने दंड भरावा, हे मान्य. पण आमच्याच पाट्या झाकून टाकणारे वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे बॅनर कोणाच्या परवानगीने लागतात? महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ प्रमाणे आकाशचिन्हे आणि जाहिरात फलकांना आयुक्तांची लेखी परवानगी लागते. बेकायदा बॅनरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सर्व महापालिकांना कडक आदेश दिले. तरी प्रत्येक सणाला आणि निवडणुकीला चौक भरतातच.

हा फक्त शोभेचा प्रश्न नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर फलक कोसळून १७ माणसे मेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, आणि तो फलक त्याच्या कितीतरी पट मोठा होता. भिवंडीचे रस्ते अरुंद, कारखान्यांचे पत्रे जुने, वर विजेच्या तारांचे जाळे. इथे लोखंडी सांगाडा पडला तर खाली हातगाडीवाला आणि पायी चालणारा लूम कामगार सापडेल.

म्हणून भिवंडी निजामपूर महानगरपालिकेकडे आपण एकत्र जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. परवानगी असलेल्या सर्व फलकांची यादी प्रभागवार लावावी. प्रत्येक फलकावर परवाना क्रमांक आणि मुदत ठळक लिहावी. पावसाळ्याआधी सांगाड्यांची इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला जाहीर करावा. कायदा छोट्या पाटीला आणि मोठ्या फलकाला सारखाच लागला पाहिजे.

मात्र ही मागणी घेऊन जाण्याआधी आपापल्या दुकानाची पाटी नीट करून घ्या. ज्याची पाटी कायद्यात बसते, त्याचेच बोलणे कचेरीत ऐकले जाते.