३२ कधी मिळवायचे?



‘दीड अंश सेल्सिअस म्हणजे ३४.७ अंश फॅरनहाइट. पृथ्वी एवढी तापली तर कोण वाचेल?’ असे म्हणत गेल्या अंकातील पत्रलेखकाने हवामानबदलाची चर्चाच मोडीत काढली आहे. त्यांचे गणितच चुकले आहे.

२०१५च्या पॅरिस करारातला दीड अंश हे तापमान नव्हे, ती तापमानातली वाढ आहे. वाढीला फक्त १.८ने गुणायचे. उत्तर येते २.७ अंश फॅरनहाइट. ३२ मिळवावे लागतात ते दोन्ही मापांची शून्ये वेगवेगळ्या जागी आहेत म्हणून. पाणी एकात शून्यावर गोठते, दुसऱ्यात ३२वर. उकळते १००वर आणि २१२वर. म्हणजे तेवढ्याच अंतराचे इकडे शंभर भाग, तिकडे १८०.

घरातला थर्मामीटर पाहा. ३७समोर ९८.६, ३८समोर १००.४. पारा इकडे एक अंश चढला की तिकडे १.८ अंशच चढतो. आणि एवढ्याशा चढावर आपण मुलाला शाळेत पाठवत नाही!

सूत्र पाठ करून घेतात, पण तापमान आणि तापमानातली वाढ यांतला भेद कुणी समजावत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आपला अंक शाळकरी मुलेही वाचतात. दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा