विश्लेषण : भांगेच्या शेतीला परवानगी, पण वाण कोणते? ०.३ टक्क्यांच्या मर्यादेचा धोका कुणाच्या माथी?

हिमाचल प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये भांगेच्या नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. हे काम पालमपूरचे कृषी विद्यापीठ आणि नौणीचे फलोत्पादन विद्यापीठ यांच्याकडे आहे. उत्तराखंडने औद्योगिक हेंपच्या लागवडीचा परवाना त्याआधीच, २०१८ मध्ये दिला होता. धागा, बियांचे तेल, औषधे अशा उत्पन्नाची चर्चा जोरात आहे. मात्र शेतकऱ्यासाठी पहिला प्रश्न वाणाचा आहे. वाण चुकले तर पीक तर जातेच, कायद्याचा बडगाही बसू शकतो.

गांजा आणि हेंप ही वेगळी झाडे आहेत का?

नाहीत. दोन्ही ‘कॅनाबिस’च. फरक आहे तो टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणाचा. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील चिकट ग्रंथींमध्ये तो सर्वाधिक असतो. वाळलेल्या फुलोऱ्यात टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असेल तर त्या झाडाला अनेक देशांत हेंप म्हणतात. हा आकडा १९७६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवला होता. पुढे तोच कायद्यांत आला. ‘इंडिका’, ‘सटायव्हा’ ही नावे प्रसिद्ध असली तरी बाजारातील ही लेबले आणि झाडाचा प्रत्यक्ष वंश अनेकदा जुळत नाहीत. त्यामुळे नावावर विसंबून वाण निवडता येत नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात टीएचसीची कोणतीही मर्यादा नाही. ‘कॅनाबिस’ प्रजातीचे कोणतेही झाड या कायद्याच्या कक्षेत येते. गांजाच्या व्याख्येत फुलोरा येतो. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया येत नाहीत. विनापरवाना लागवडीसाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम १४ नुसार धागा, बिया किंवा बागकामासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने याच वाटेने ०.३ टक्क्यांची अट घातली. अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ मध्ये हेंपच्या बिया, तेल आणि पिठाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली.

प्रत्येक वाण वेगळे कसे वाढते?

धाग्यासाठीचे वाण दाट पेरतात. झाडे उंच, सडपातळ वाढतात, फांद्या कमी फुटतात आणि फुलोऱ्याच्या सुमारास कापणी होते. बियांसाठी पेरणी तुलनेने विरळ असते आणि दाणा भरेपर्यंत थांबावे लागते. औषधी वाणात मादी झाडेच ठेवतात, कारण परागीभवन झाले की झाडाची ताकद बियांकडे वळते. भांगेचे परागकण वाऱ्याने काही किलोमीटर जाऊ शकतात. म्हणजे बियांचे आणि औषधी पीक शेजारी-शेजारी घेता येत नाही. हिमाचलच्या डोंगरउतारांवर भांग आपोआप उगवते. तिचे पराग शेतात आले तर घरच्या बियाण्याच्या पुढच्या पिढीत टीएचसी वाढू शकते.

परदेशी बियाणे आणून चालेल का?

इथे दिवसाच्या लांबीचा मुद्दा येतो. बहुतेक वाणे रात्र मोठी होऊ लागली की फुलोऱ्यात येतात. उत्तर युरोपातील उन्हाळी दिवस १६ तासांहून मोठे असतात. हिमाचलमध्ये सर्वांत मोठा दिवस साधारण १४ तासांचा, तर पुण्यात सुमारे १३ तासांचा. त्यामुळे तिकडचे वाण इकडे लवकर फुलते, बुटके राहते आणि धागा कमी मिळतो. पालमपूरमध्ये यशस्वी ठरलेले वाण विदर्भात तसेच वागेल, याचीही हमी नाही.

वाण चांगले असूनही मर्यादा का ओलांडली जाते?

फुलोरा पिकत जातो तसे टीएचसी वाढते. औषधासाठी ज्याला मागणी आहे तो सीबीडी हा घटकही त्याच्यासोबत वाढतो. सीबीडी-प्रधान वाणांत सीबीडीच्या साधारण २० ते २५ भागांमागे टीएचसीचा एक भाग तयार होतोच. म्हणजे सीबीडी ६ ते ७.५ टक्क्यांवर गेला की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या रेषेला टेकते. शेतकऱ्याला जास्त सीबीडीसाठी थांबावेसे वाटते आणि काही दिवसांत पीक ‘बेकायदा’ होते. अमेरिकेत म्हणूनच कापणीपूर्वी ३० दिवसांच्या आत नमुने घेण्याचा नियम आहे.

महाराष्ट्र आणि गोव्याशी संबंध काय?

गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी लागवडीच्या प्रस्तावावरून राजकीय वाद झाला होता. महाराष्ट्रात मात्र नावांचा गोंधळ आधी लक्षात घ्यावा. आपल्या अंबाडीला इंग्रजीत ‘डेक्कन हेंप’ आणि तागाला ‘सन हेंप’ म्हणतात. ही दोन्ही पिके भांग नाहीत आणि त्यांना असा परवाना लागत नाही. ‘हेंपचे बियाणे’ म्हणून कुणी पाकीट पुढे केले, तर त्यात नेमके कोणते पीक आहे हे आधी तपासावे.

पुढे कळीचा मुद्दा कोणता?

स्थानिक हवामानात पारखलेली वाणे, दरवर्षी मिळणारे प्रमाणित बियाणे आणि वेळेत अहवाल देणारी प्रयोगशाळा या तीन गोष्टींशिवाय परवाना म्हणजे केवळ कागद. प्रमाणित बियाणे वापरूनही पीक ०.३ टक्क्यांवर गेले, तर ते नष्ट करण्याचा भुर्दंड शेतकऱ्याने सोसायचा की बियाणे देणाऱ्याने, याचे उत्तर पेरणीपूर्वीच नियमांत लिहिलेले असायला हवे.