पावसाला किती दिवस शिव्या घालणार?

जोराची सर आली की डीटीएच जाणारच, हे आपण सगळ्यांनी इतकं मान्य करून टाकलंय की तक्रार करायलाही लाज वाटते. केली तरी पलीकडून "सर, तुमच्याकडे पाऊस आहे का?" असं विचारतात आणि विषय संपतो! मला हे पटत नाही. पाऊस निमित्त असतो. खरा घोळ बऱ्याचदा छत्री बसवली त्या दिवशीच झालेला असतो.

पाऊस निर्दोष आहे असं नाही हं. उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर वर, आणि सिग्नलची वाट लागते ती शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये. डीटीएचचा केयू बँड साधारण १२ गिगाहर्ट्झचा, म्हणजे तरंगलांबी अडीच सेंटीमीटर. काही मिलिमीटरचे थेंब ही ऊर्जा शोषतात, इकडेतिकडे उधळतात. वर पाऊस स्वतःचा नॉइज मिसळतो तो वेगळाच. केबलवाल्याच्या त्या अवाढव्य छत्र्या बहुतेक सी बँडच्या, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे लाट साडेसात सेंटीमीटरची, थेंबांना फारशी दाद देत नाही. म्हणून शेजारच्या काकूंची मालिका चालू आणि आपली बंद.

आता गंमत बघा. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. आपल्या नेटवर्किंगवाल्यांच्या भाषेत, इथे 'पॅकेट हरवलं, परत पाठव' म्हणायची सोयच नाही. सगळा मामला एकतर्फी. म्हणून चुका दुरुस्त करायला लागणारा जादा डेटा आधीच सोबत पाठवतात. तो पुरतो तोवर चित्र चकाचक, संपला की पडदा काळा. परिणाम असा की कोरड्या दिवशी नीट लावलेली आणि वाकडी लावलेली छत्री अगदी सारखंच चित्र दाखवतात!

६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते. दीड अंश सरकली की निम्मी ताकद गेली. ती निम्मी ताकदच तर पावसासाठी राखीव होती.

बसवणारा मुलगा मात्र स्ट्रेंग्थची पट्टी भरली की खाली उतरतो. त्याला दिवसाला किती घरं उरकायची असतात ते बघता त्याला बोलण्यात अर्थ नाही. पण स्ट्रेंग्थ म्हणजे आलेली एकूण ऊर्जा, त्यात नॉइजही आला. लग्नाच्या हॉलमध्ये आवाज भरपूर असतो, समोरचा काय बोलतोय ते कळतं का? ते सांगते क्वालिटीची पट्टी. भलत्याच उपग्रहाकडे तोंड असेल तरी स्ट्रेंग्थ झकास येऊ शकते, क्वालिटी शून्य.

कंपन्यांनी इन्स्टॉलेशनच्या पावतीवर क्वालिटीचा आकडा लिहून द्यावा, एवढंच माझं मागणं आहे. शहरात आपण मोबाईल उघडतो आणि विसरतो. कोकणातल्या एखाद्या वाडीत रेंज नसताना, वादळाची बातमी बघायच्या ऐन वेळी पडदा काळा होतो.

तोवर एक करा. ऑक्टोबरातल्या एखाद्या कोरड्या दुपारी सेटिंग्जमध्ये जाऊन क्वालिटीचा आकडा टिपून ठेवा. पुढच्या कोरड्या दिवसांत तो उतरलेला दिसला, तर छत्री हललीय, वायरच्या जोडात पाणी गेलंय, नाहीतर समोरचं झाड वाढलंय. फोनवर पावसाचं नाव निघालं की तो आकडा वाचून दाखवा.