तीर्थरूपांची लेखणी

आमच्या तीर्थरूपांनीं दुसऱ्या महायुद्धांत बंदूक क्वचितच हातीं धरिली. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणींत कारकून होते. त्याच पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनियो नदीच्या खोल पाण्यांतून व सुरुंगांतून दोन जखमी सोबती माघारी आणिले व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हें वाचकांस ठाऊक असेलच. जे परतले नाहींत त्यांचीं नांवें, नंबर व गांवें बेळगांवास कळवावयाच्या याद्या मात्र तीर्थरूप लिहीत. आमच्या मतें हें कामही सोपें नव्हे.

युद्धाविषयीं विचारिलें तर "तिकडे थंडी फार," एवढेंच ते म्हणत. परंतु १९७० च्या सुमारासही रविवारीं आमच्या ओटीवर साताऱ्याकडील विधवा येत. कोणाचें पेन्शन नांवांतील एका कान्यासाठीं अडलेलें असे. तीर्थरूप अर्ज लिहून देत, पैसा घेत नसत. नंबर पुष्कळदां त्यांनाच पाठ असे. मातोश्रींस हा राबता रुचत नसे, पण चहाचें आधण त्याच ठेवीत.

एकदां एका वृद्धेनें विचारिलें, "दादा, आमचं धनी गेलं कसं वो?" तीर्थरूपांनीं लिहिलेला अर्ज फाडिला आणि नव्या कागदावर पहिल्यापासून लिहावयास घेतला.