मेंढ्या मोजणारे आणि टेबल मांडणारे

मेंढीकोट खेळताना कुठल्या मेंढ्या उतरल्या हे ज्याच्या डोक्यात पक्कं, त्याला भिडू म्हणून सगळेच मागतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफातही १२० पानांतली कोणती गेली हे आठवणाराच वरचढ. म्हणूनच ‘गोव्यात जाऊन ब्लॅकजॅकची पानं मोजली तर?’ हा प्रश्न कट्ट्यावर निघतो, यात नवल नाही. त्यातही ओढ साइड बेटची, म्हणजे मूळ डावाच्या जोडीला लावायच्या छोट्या पैजेची. थोडे लावा, अकरा पट घ्या!

पानं मोजणं थोतांड नाही. अमेरिकी गणिती एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ पुस्तकात ते मांडलं. लहान पानं जास्त उतरली की उरलेल्यांत मोठी जास्त, आणि पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं.

आता जोडीची पैज बघा. सहा कॅट, ३१२ पानं. तुमचं पहिलं पान आलं की उरलेल्या ३११ पैकी फक्त २३ त्याच्या जोडीची. अकरा पट मिळाले तरी शंभर रुपयांमागे सरासरी सव्वाअकरा रुपये जातात. नेहमीची मोजणी सांगते मोठी पानं किती नि लहान किती. जोडी लागेल का, हे नाही. त्यासाठी तेराही प्रकारची पानं वेगवेगळी लक्षात ठेवायला हवीत.

मोजणीला खरंच दाद देते ती ‘इन्शुरन्स’ची पैज. डीलरचा एक्का दिसतो; त्याचं झाकलेलं पान दहाचं निघालं तर दुप्पट. सुरुवातीला ३११ पैकी अशी पानं ९६, म्हणजे तोटाच. पण ती एक तृतीयांशाहून जास्त उरली की पैज फायद्याची.

म्हणजे कागदावर उत्तर ‘हो’. पण मेंढीकोटात चौघांना नियम सारखे असतात, इथे नाहीत. पानं संपण्याआधी पिसायची, पिसायला यंत्र लावायचं, पैजेवर मर्यादा घालायची की मोजणाऱ्याला उठवायचं, सगळं टेबलवाल्याच्या हातात. मोजणीचा फायदा बारीक, तोही हजारो डावांनंतर. तोवर टिकायला भांडवल लागतं; आपल्याकडे असते मेसची फी.

गोव्याने २०२० पासून आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. महाराष्ट्राने १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. दोन्ही सरकारांना आपली माणसं त्या टेबलावर नको आहेत. एकविशी ओलांडलेल्या मालवण-कुडाळच्या पोरांना मात्र पत्रादेवीचा नाका पार केला की दार उघडं.

एवढं डोकं चालतंच, तर मित्रांचे सहा कॅट जमवा. काजूच्या बिया लावून जोडीची पैज पाचशे वेळा खेळा, प्रत्येक डाव वहीत मांडा. एकाने मात्र टेबलवाला व्हायचं. शेवटी बिया कुणापुढे साचल्या ते बघा. तेवढ्यासाठी मांडवीपर्यंत जायला नको.