प्रश्नाचा तास ही मेहरबानी नव्हे

२० सप्टेंबर २०२० हा रविवार राज्यसभेच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्या दिवशी शेतीविषयक दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले. विरोधी सभासदांनी मतविभागणी मागितली. ती मिळाली नाही. त्या संपूर्ण अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही ठेवलेला नव्हता. प्रश्न विचारावयाचे नाहीत आणि मतेही मोजावयाची नाहीत! मग सभागृह म्हणावयाचे ते कशाला?

घटनेच्या ७५ व्या कलमान्वये मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, राज्यसभेला नव्हे. वरिष्ठ सभागृह अविश्वासाचा ठराव आणून सरकार पाडू शकत नाही. सबब प्रश्न हेच त्याचे मुख्य शस्त्र होय.

सरकारपक्षाचे म्हणणे असे की, कोविडची साथ होती आणि लेखी उत्तरे तर दिली जातच होती. आम्ही विचारतो, साथीत विधेयकांना वेळ मिळतो, मग प्रश्नांनाच का मिळू नये? लेखी उत्तराची मातबरी तर कोणत्याही वकिलास विचारावी. ते उलटतपासणीवाचून स्वीकारलेल्या प्रतिज्ञापत्रासारखे असते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न येतात. असत्य उघडे पडते ते उपप्रश्नाने, छापील कागदाने नव्हे.

मतविभागणी मागणारे सभासद आपल्या जागेवर नव्हते, असाही बचाव करण्यात आला. काही सभासद आसनापुढे धावले, हे आम्ही योग्य मानीत नाही. तथापि गोंधळ झाला तर सभा शांत करून मते मोजावीत. गोंधळ हे मोजणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढे काय झाले? शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांना तेच कायदे रद्द करणारे विधेयक संमत करावे लागले. सभागृहात दडपलेला प्रश्न रस्त्यावर उभा राहतो, तो असा.

बंधुभगिनींनो, यात आपला संबंध काय, असे म्हणू नका. ३३० व्या कलमाने अनुसूचित जातींना राखीव जागा दिल्या त्या लोकसभेत. राज्यसभेत तशा जागा नाहीत. शिष्यवृत्ती का थकली, राखीव पदे रिकामी का, अत्याचाराचे खटले का रखडले, हे तेथे कोणी तरी विचारले तरच सरकारला उत्तर द्यावे लागते. परमपूज्य बाबासाहेब १९५२ पासून महापरिनिर्वाणापर्यंत याच सभागृहाचे सभासद होते. २ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी त्यांनी सरकारला धारेवर धरले होते. ज्यांच्यामागे बहुमत नसते, त्यांच्यापाशी प्रश्न असतो.

महाराष्ट्राच्या वाट्यास राज्यसभेच्या १९ जागा आहेत आणि त्या भरतात आपण निवडून दिलेल्या आमदारांच्या मतांनी. तेव्हा मत मागावयास येणाऱ्या आमदारास विचारा : तुम्ही ज्यांना दिल्लीस पाठविले, त्यांनी आमच्याविषयी किती प्रश्न विचारले? आपल्या खासदारास पत्र लिहा. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून वेळीच लिहा. प्रश्न विचारणे ही कोणाची मेहरबानी नव्हे. तो आमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही.