आडवे जाणाऱ्यांचाही रस्ता

मांजर आडवं गेलं की आपल्याकडे भलेभले थबकतात. स्कूटीवरून भाजी आणायला निघालेली बाईसुद्धा दोन क्षण पाय टेकते, दुसरं कोणी पुढे जातंय का बघते, मगच गाडी काढते. हसण्यावारी न्यायची गोष्ट खरी, पण त्या क्षणी एक बरं होतं. या रस्त्याला आडवं जाणारंही कोणी असतं, हे आपल्या ध्यानात येतं. एरवी आपल्या लेखी रस्ता म्हणजे इथून तिथे नेणारी एक पट्टी. ती रुंद हवी, गुळगुळीत हवी, मोकळी हवी. त्या पट्टीच्या या अंगाकडून त्या अंगाला ज्यांना जायचं असतं, त्यांचा हिशेब कुठल्या नकाशात मांडलेला दिसत नाही.

आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या बायका तर सदा रस्त्यांच्या कामातच राहतो. ठाण्याहून वडपेपर्यंतचा नाशिक रस्ता आठ पदरी करायचं काम गेली काही वर्षं चालू होतं. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर अडकलेल्या गाड्या पाहिल्या की हा रस्ता रुंद व्हायलाच हवा, असं कुणालाही वाटेल. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाणारा रस्ता म्हणजे जुन्नर-नगरकडे माहेर असलेल्या कितीतरी जणींचा माहेरचा रस्ता. मुरबाड-शहापूरच्या पाड्यातून अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघालेल्या जीपला किंवा कल्याणच्या दवाखान्यात यायला निघालेल्या अ‍ॅम्ब्युलन्सला रस्ता मोकळा मिळायलाच पाहिजे. तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. रस्ते रुंद करू नका, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं म्हणणं एवढंच, की डोंगरातला रस्ता रुंद करताना आडवे जाणाऱ्यांची वाटही त्याच नकाशात, त्याच अंदाजपत्रकात आणि त्याच दिवशी आखा.

आडवे जाणारे कोण? आपल्या उशाशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, आणि त्यात पन्नासच्या घरात बिबटे. येऊरच्या बाजूने ते ठाण्याला टेकलंय. तिन्ही बाजूंनी वस्ती. उत्तरेला तेवढी एक वाट उरली आहे. घोडबंदर रस्ता ओलांडला की नागला बंदरचं जंगल, त्यापुढे वसईची खाडी, खाडीपलीकडे तुंगारेश्वर आणि तिथून पुढे तानसाचं रान. म्हणजे बोरिवली-येऊरच्या जंगलाला बाकीच्या सह्याद्रीशी जोडणारा धागा नेमका घोडबंदर रस्त्याखाली दाबला गेलाय. या रस्त्यावर गाडीखाली आलेल्या बिबट्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

पण या जनावरांना ओलांडायचं असतं तरी कशाला? जंगल दिलंय ना, तिथे राहावं की! असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आपल्याच घरातलं उदाहरण देते. भावकीतल्या भावकीत लग्नं लावत गेलं तर काय होतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. सोयरीक परगावची बघायची, ही शहाणीव त्यातूनच आली. जंगलातही तेच. नर बिबट्या वयात आला की आईचा मुलूख सोडून स्वतःचा मुलूख शोधायला निघतो. वाटा बंद झाल्या की तो तिथल्या तिथे भांडणात मरतो, नाहीतर वस्तीत शिरतो. काही पिढ्यांनी नातेसंबंधांतलीच पिल्लं जन्माला यायला लागतात आणि कळप, कुळं आतून कमजोर होत जातात. उन्हाळ्यात पाण्यासाठी, पावसाळ्यात विणीसाठी ओलांडणारे तर कितीतरी. भेकर, सांबर, रानडुक्कर, उदमांजर, साळिंदर. आणि पहिल्या पावसात घाटात चिरडलेले बेडूक, खेकडे, साप कुणी बघितले नाहीत?

एका बिबट्याची हकिगत तर आपल्याच पट्ट्यातली आहे. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक थोराड बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात त्याचा ठावठिकाणा कळवणारा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं हे काम. स्वभावाने शांत म्हणून त्याचं नाव पडलं ‘आजोबा’. हे आजोबा माळशेजहून निघाले ते महिनाभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून आपल्या ठाण्या-मुंबईच्या वेशीवरच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत आले. वाटेत कसाऱ्याचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची कारखान्यांची वस्ती पार केली, खाडीसुद्धा पार केली. या सबंध प्रवासात माणसाच्या अंगावर धावून गेल्याची एक नोंद नाही. पुढे २०११च्या डिसेंबरात रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेने ते गेले. २०१४ साली त्यांच्यावर ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही आला. पण ते ज्या ज्या ठिकाणी रस्ता ओलांडून गेले, तिथे पुढच्यासाठी वाट करावी, असं किती जणांच्या मनात आलं?

वाट तुटली की काय होतं, तेही आपण अनुभवलंय. २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्यात एका मॉलच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला आणि शेवटी जवळच्या हॉटेलात पकडला गेला. २०२२च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेत चिंचपाड्याला बिबट्या इमारतीत घुसला, माणसं जखमी झाली, सगळा दिवस लोक जीव मुठीत धरून बसले. प्रत्येक घटनेमागचं कारण वेगळं असेल. पण जनावरांच्या जाण्यायेण्याच्या जागा आपण जितक्या बुजवू, तितके ते आणि आपण असे समोरासमोर येणार, हे समजायला शास्त्रज्ञ व्हायला नको.

मग उपाय काय? उपाय आहे, आणि तो आपल्याच राज्यात करून दाखवलाय. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या वाघांच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करायचा ठरल्यावर वाद झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतल्या रस्त्यावर जनावरांसाठी नऊ जागी वाटा सोडल्या. रस्ता वरून जातो, खालून जंगल तसंच पुढे सरकतं. यातली सगळ्यांत लांब वाट ७५० मीटरची आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. २०१९ मधल्या दहा महिन्यांत १८ प्रकारचे वन्यप्राणी त्या वाटांनी गेले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा गेले. वरून ट्रक धडाडत होते, खालून वाघ आपल्या चालीने जात होता. जनावराला भुयारी वाट कशी कळणार, असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

जगाकडे बघायचं तर कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणारा डोंगरी महामार्ग १९८०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने रुंद करत नेला. तिथे आता जनावरांसाठी सहा पूल आणि ३८ भुयारी वाटा आहेत, आणि रस्त्याच्या कडेने कुंपण. गाड्या आणि जनावरांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. हे एका रात्रीत झालं नाही. अस्वलांना त्या वाटा सवयीच्या व्हायला काही वर्षं लागली. नवी सून घरात रुळायला वेळ लागतो, तर रानातलं जनावर लगेच कसं रुळेल?

आता यातली मेख समजून घेऊ. कारण ‘वन्यजीवांसाठी सोय केली’ असं कागदावर लिहून काम उरकायची पद्धत आपल्याला नवी नाही. पावसाचं पाणी जायला घातलेल्या मोरीलाच जनावरांची वाट म्हणून चालत नाही. हरणासारख्या भित्र्या जनावराला पलीकडचा उजेड दिसला पाहिजे, वाट उंच, रुंद, मोकळी पाहिजे. वरून पूल केला तर त्यावर माती, गवत, झुडपं पाहिजेत. साप-बेडकांना छोट्या नळ्यांची वाट पुरते, पण तिची एक कड पावसातही कोरडी राहायला हवी. माकडा-खारींना झाडावरून झाडावर जायला दोरांचे झुले पुरतात. जनावरं भलतीकडून रस्त्यावर येऊ नयेत, म्हणून दोन्ही बाजूंनी कुंपण लागतं आणि ते कुंपण त्यांना वाटेपर्यंत आणून सोडणारं असावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वाट त्यांच्या पायवाटेवरच हवी. कंत्राटदाराला सोयीच्या जागी केलेली वाट मोकळीच राहणार. शिवाय एवढं करून खाली वडापावची गाडी लागली, ट्रकवाले मुक्कामाला थांबले, रात्रभर दिवे जळत राहिले, की संपलं. तिथे बिबट्या फिरकणार नाही.

डोंगरात आणखी एक चांगला मार्ग म्हणजे बोगदा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. त्यात इगतपुरी-कसाऱ्याजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. गाड्या डोंगराच्या पोटातून, रान डोंगराच्या पाठीवर. ठाणे-बोरिवलीचा बोगदाही राष्ट्रीय उद्यानाच्या खालून आखलाय. बोगद्याच्या तोंडाशी माती-दगड, धूळ, झाडतोड हे प्रश्न असतातच, त्यावर लक्ष ठेवायला हवं. पण रुंद रस्त्याने जंगलाचे दोन तुकडे करण्यापेक्षा ते बरं.

‘खड्ड्यात माणसं मरताहेत आणि तुम्हाला बिबट्याचं पडलंय!’ हे वाक्य मला ऐकू येतंय. खड्ड्यांचा राग मलाही आहे. पण भरधाव मोटरसायकलसमोर सांबर किंवा रानडुक्कर आलं, तर जनावराबरोबर चालवणाराही जातो. मागे बसलेली त्याची बायको आणि मधे बसवलेलं पोरही जातं. जनावराची वाट वेगळी केली तर वाचतात दोघंही. आणि खर्चाचं म्हणाल तर वाट आधी ठेवलेली स्वस्तच पडते. घर बांधून झाल्यावर मोरीसाठी भिंत फोडायची वेळ आली की गवंडी काय सांगतो, ते आपल्याला माहीत आहे.

आणि आडवं जाणारी नुसती जनावरंच आहेत का? शहापूर तालुक्याचं बघा. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि तिथल्याच पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. घर रस्त्याच्या या अंगाला, विहीर त्या अंगाला. शेत इकडे, शाळा तिकडे. रस्ता दोन पदरी होता तोवर डोक्यावर हंडा घेऊन पळत ओलांडता यायचा. चौपदरी, आठपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, की त्या बाईने काय करायचं? गाडीत बसून लांबवर जाणाऱ्यांचा वेळ मिनिटामिनिटाने मोजला जातो. पायी आडवं जाणाऱ्या बाईचा वळसा कोणी मोजत नाही. म्हणूनच मला वाटतं, हा विषय आपल्याला इतर कुणाहूनही लवकर कळेल. बिबट्याची गाऱ्हाणी आणि हंडेवालीची गाऱ्हाणी एकाच नकाशातून निघाली आहेत. मात्र दोघींना एकच वाट देऊन भागायचं नाही. माणसांची वर्दळ असेल तिथून रान जात नाही. तिला तिची, त्याला त्याची.

जनावरांची पायवाट कुठे आहे, हे कुणाला विचारायचं? अभ्यासकांना विचारावंच. पण मोळीला, रानभाजीला, मोहाच्या फुलांना रोज रानात जाणाऱ्या वारली, कातकरी, ठाकर बायकांनाही विचारा. भेकर कुठल्या ओहोळाने उतरतं, कुठल्या वळणावर रात्री डरकाळी येते, हे त्या बोट ठेवून सांगतील. त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला कोणी गेलं तर!

मैत्रिणींनो, आपण काय करू शकतो? आपल्या भागात रस्ता रुंद व्हायचा असेल, तर कुदळ पडायच्या आधी नकाशा मागा. २००५च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो. ग्रामसभेत, महिला मंडळात, सोसायटीच्या मिटिंगमध्ये दोनच प्रश्न विचारा: जनावरांच्या वाटा कुठे ठेवल्यात? पायी माणसांच्या कुठे? उत्तर लेखी घ्या. घाटात रात्री गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला, मुलाला वेग कमी करायला सांगा. माळशेजला सहलीला गेलात तर माकडांना वेफर्स घालू नका. त्या मोहापायी ती रस्त्यावर बसतात आणि पोटाशी पिल्लू धरलेली आई चाकाखाली येते. जखमी जनावर दिसलं तर गर्दी करून फोटो काढण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रस्ता एकदा झाला की पन्नास-साठ वर्षं राहतो. चूक झाली तर तीही तेवढीच राहते. म्हणून बोलायची वेळ नकाशा कागदावर असतानाचीच. आपल्या पट्ट्यातले कितीतरी नकाशे आज कागदावर आहेत.